साहेब, शाखा आपलीच

कोल्हापूर,
रविवार, ५ डिसेंबर १९९९

ती. आकारामदादा,

नमस्कार. साष्टांग वगैरे या खेपेला तूच समजून घे. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतोस, की बाटली खिडकीत ठेवून नुसता तिच्याकडं बघतोस? वहिनींना सांग, लोणचं पोचलं आणि अर्धं संपलंही. इकडं सगळं ठीक. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, आणि स्टाफरूममध्ये जो तो नवं शतक येणार म्हणून खूष आहे. आमच्या संस्थेत ते जकातनाक्यावरच अडवतील असा माझा अंदाज. आमचं बारावं शतकच अजून संपलेलं नाही.

परवा तू मुरगूडहून मुद्दाम आलास, चहा बशीत ओतलास आणि म्हणालास, "शालन, पोरीला वाकाय सांग. दोन मिंटाचं काम. वाकून कुणाची पाठ मोडली न्हाय."

मी तेव्हा गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा माझं पटलेलं नसतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तरी तू "मग ठरलं" म्हणून छत्री उचललीस. डिसेंबरात छत्री! चेअरमन नानासाहेबांचा निरोप घेऊन येणाऱ्या माणसाला आभाळाचाही भरवसा वाटत नाही.

त्यांच्याकडची हकिकत तू ऐकली आहेस. आता माझ्याकडची ऐक.

नववीला मी सरंजामशाही शिकवत होते. पुस्तकात एक चित्र आहे. सरदार राजापुढं गुडघे टेकून बसलाय, आणि त्याचे जोडलेले हात राजानं आपल्या दोन्ही हातांत धरलेत. 'आजपासून मी आपला माणूस,' असं तो म्हणायचा. मग राजा त्याला उठवायचा आणि जमीन द्यायचा. पोरांच्या डोक्यात काही शिरेना, म्हणून मी नाटकच करायला लावलं. गुंडू राजा होऊन माझ्या खुर्चीवर बसला. एकेकानं येऊन गुडघे टेकले. गुंडूनं लगेच हुकूम सोडला, "उद्या सगळ्यांनी डब्यातलं थालीपीठ राजाला द्यायचं." एका तासात सरंजामशाही अशी समजली, की पेपर काढणाऱ्यांनाही तशी कधी समजली नसेल.

दुर्दैव एवढंच, की दुसऱ्याच दिवशी नानासाहेबांचा वाढदिवस होता.

तो सोहळा तुला काय सांगायचा! आमच्या शाळेचं मैदान, मांडव, माईकवरून संस्थेच्या एकेका शाखेचं नाव. नाव आलं की त्या शाखेच्या सगळ्यांत जुन्या गुरुजींनी नारळ घेऊन वर जायचं, चेअरमनांच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि माईकसमोर म्हणायचं, "साहेब, शाखा आपलीच." मग टाळ्या. माझी नववी पुढं सतरंजीवर बसली होती, कडेला वर्गशिक्षिका म्हणून मी. पोरं एकमेकांना ढोसत होती, पण आवाज नव्हता. मग एक सर वर गेले. त्यांना वाकता येईना, म्हणून त्यांनी गुडघे टेकले. नानासाहेबांनी त्यांना उठवायला त्यांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले.

हुबेहूब चित्र, दादा. मुकुटाऐवजी फेटा, एवढाच फरक.

आणि हसू फुटलं. शांत मांडवात, माईकच्या तोंडाशी. नानासाहेबांनी मान वळवली तेव्हा माझ्या वर्गातली रक्षिता तोंडावर ओढणी धरून हलत होती. झालं. हसणारी सापडली.

तर हुकूम असा, की शुक्रवारी प्रार्थनेच्या वेळी नानासाहेब येणार, आणि रक्षितानं सगळ्या शाळेसमोर त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं. नाहीतर दाखला हातात आणि शाळा बंद. तिला धरून पुढं आणायचं काम माझ्याकडं.

काल तिचा बाप येऊन गेला. मल्लेश, हुपरीचा. दोन वर्षांमागं त्याच्या घरी सगळं घर पैंजण करायचं. बाप कड्या जोडायचा, आई डाग देऊन सांधायची, पोरी घुंगरं लावायच्या. आता नानासाहेबांच्या पुतण्यानं तिथं साखळीचं मशीन बसवलंय आणि मल्लेश त्याच्यावर कामाला आहे. माझ्या पुस्तकात आधी सरंजामशाही संपते आणि मग कुठं पुष्कळ पानांनी कारखाने येतात. हुपरीत दोन्ही एकाच एस.टी.तून उतरले आणि एकाच घरी मुक्कामाला राहिले.

"बाई," मल्लेश म्हणाला, "माझं तिथं काम हाय. पोरगी वाकंल. मी सांगतो की तिला."

रक्षिता त्याच्या मागं उभी होती. "आप्पा, मी न्हाय वाकणार."

"का न्हाय?"

"मी काय एकटीच हसलो न्हाय."

"मग आनि कोन हसलं? नाव सांग. तुझं सुटंल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. "ठावं न्हाय," म्हणाली.

शुक्रवारी मी तिला पुढं आणणार नाही. हे तुला आधी कळवते. नानासाहेबांना 'बहिणीला समजावलं' असं सांगितलं असशील, तर वेळेत मागं घे. जूनमध्ये तुला हेडमास्तर करायचं त्यांच्या मनात आहे, हे मला माहीत आहे. तू बोलला नाहीस, पण छत्री बोलली.

गुडघ्याला तेल लाव.

शालन


कोल्हापूर,
रविवार, १२ डिसेंबर १९९९

दादा,

शुक्रवारची बातमी तुझ्यापर्यंत मसाला लावून पोचली असणार. मूळ पदार्थ असा.

प्रार्थना झाली. नानासाहेब खुर्चीवर बसले, चपला काढल्या, पाय जरा पुढं सरकवले. सवयीचे पाय ते, आपोआप सरकतात. हेडबाईंनी रक्षिताचं नाव पुकारलं. ती रांगेतून निघाली. पोरीचं तोंड पांढरं पडलं होतं, पण चालणं ताठ. मी मध्ये जाऊन तिला परत रांगेत उभं केलं आणि माईक हातात घेतला.

मी म्हणाले, "मांडवात पहिली हसले ती मी. ही पोर माझं बघून हसली. हिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बापानं विचारलं, हेडबाईंनी विचारलं, तरी हिनं माझं नाव घेतलं नाही."



नानासाहेब हसले. त्यांचं ते हसू तुला माहीत आहे, दातांच्या पुढं येत नाही. "मग बाई, पोरीच्या जागी तुम्ही या की पुढं."

"येते," मी म्हणाले. गेले. समोर उभी राहिले. हात जोडून नमस्कार केला, चांगला, मनापासून. वयानं मोठे आहेत. आणि तशीच उभी राहिले.

ते वाट बघत राहिले. मीही बघत राहिले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाई, वाका ओ." मला वाटतं ड्रॉइंगचे सर असावेत, त्यांची बदली अडकलीय. शेवटी नानासाहेबांनीच पाय मागं घेऊन चपला चढवल्या. म्हणाले, "इतिहास लई झाला तुमचा. आता जरा भूगोल बघा." दुपारी कागद आला. सोमवारपासून चंदगडकडची शाखा, जंगलाच्या कडेची.

रक्षिता वर्गात आहे. हजेरीत नाव आहे. पाचशे पोरांच्या देखत खरं कळल्यावर तिला काढायला त्यांनाही तोंड उरलं नाही. मल्लेशचं काम चालू आहे. पुढं चालेल का, सांगता येत नाही; तो माझ्याशी धड बोलला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

आता राहिलेलं. मागच्या पत्रात मी 'एक सर' असं लिहिलं. मांडवात माईकवर 'मुरगूड शाखा' पुकारलं होतं. तू वर गेलास. तुझा गुडघा वाकेना. तू दोन्ही टेकलेस, आणि त्यांनी तुझे हात धरले.

पोरं त्या चित्राला हसली. मी तुला हसले, दादा. आपल्या गावात इनामदाराच्या दारावरनं जाताना चप्पल काढायची रीत होती. तू काढली नाहीस. मार खाऊन घरी आलास तेव्हा तुझा ओठ फाटला होता, आणि आई ओरडत असताना तू मला डोळा मारलास. त्याच माणसाच्या तोंडून "शाखा आपलीच" ऐकलं, आणि मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं हसू. माझं थोबाडच तसलं आहे.

तुला लागलं असेल. लागू दे. मी माफी मागणार नाही. नानासाहेबांना मागितली नाही, तर तुला मागून काय करू?

जूनमध्ये हेडमास्तर होशील. लायक आहेस, हे खोटं नाही, आणि तीच माझी तक्रार आहे. लायक माणसाला हात कुणाच्या हातात द्यावे लागू नयेत. झालास की पेढे पाठव, मी खाईन. फक्त नववीचा इतिहास स्वतः घेऊ नकोस. पोरं प्रश्न विचारतात.

आणि घेतलासच, तर ते चित्र गाळू नकोस. नीट शिकव. कुणी हसलं तर हसू दे.

उद्या जंगलाच्या कडेला निघालेली, तुझ्यावरचा हक्क न सोडलेली,
शालन