माणसं किती?

१ जुलै
पोचले एकदाची! खोली चिमुकली पण ऊबदार. खिडकीला जाड काळे पडदे, कारण सध्या इथे सूर्य मावळतच नाही. बंदर दोन वर्षांचं, भिंतींना अजून रंगाचा वास येतो. समोरच्या सामुद्रधुनीत पूर्वी बाराही महिने बर्फ असायचा. आता उन्हाळ्यात वाट मोकळी होते आणि जहाजांचे चौदा दिवस वाचतात. माझं काम रेडिओवर. जहाज आत शिरलं की नाव, माल, माणसं किती ते विचारायचं. पलीकडे बाहेर पडलं की पुन्हा तेच. आमच्या वरिष्ठ बाईंना सगळे ताई म्हणतात. त्या म्हणाल्या, काम सोपं आहे, फक्त डुलक्या काढायच्या नाहीत. याच महिन्यात दादाचं जहाज याच वाटेने जाणार! तो इंजिनरूममध्ये, मी रेडिओवर. आई फोनवर म्हणाली, दोघं बर्फातच संसार थाटा आता.

४ जुलै
धान्याचं जहाज आत गेलं तेव्हा माणसं बावीस. बाहेर पडताना कप्तानाने एकवीस सांगितली. कोणी कमी झालं का विचारलं, तर हसला. म्हणे, निघाल्यापासून एकवीसच. माझीच ऐकण्यात चूक झाली असेल. नवशिकी आहे, ताईंना सांगायची लाज वाटली.

९ जुलै
तेलाचं जहाज. आत अठरा, बाहेर सतरा. या वेळी ध्वनिमुद्रण ऐकलं. कप्तान स्वच्छ अठरा म्हणतो. त्याने पाठवलेली खलाशांची यादी उघडली, तर सातनंतर थेट नऊ. ताईंना दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, वाट मोकळी झाली तेव्हापासून हे चाललंय. वर दोनदा कळवलं, तर नोंदी नीट ठेवा असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी चारशे जहाजं जाणार आहेत म्हणे.

१३ जुलै
आज दादाचं जहाज. थांबवा म्हणून ताईंच्या पाया पडायचीच बाकी राहिले. त्यांनी बंदराच्या साहेबांना फोन लावून दिला. साहेब म्हणाले, बर्फ नाही, धुकं नाही, कारण काय लिहू? दादाला रेडिओवर बोलावून घेतलं. "वेडाबाई, पलीकडे पोचलो की फोन करतो," म्हणाला.
आत – वीस.

१४ जुलै
एकोणीस.
दादाचं नाव घेतलं. कप्तान म्हणाला, असं कोणी नाही. घरी फोन लावला. आई म्हणाली, "अगं, कोण दादा? एकुलती एक ना तू!" आवाजात काळजी होती – माझी काळजी.

१५ जुलै
ध्वनिमुद्रणात त्याचा आवाज अजून आहे. दहादा ऐकला. ताई म्हणतात, नोकरी सोड, घरी जा. त्या घरी कशी जाऊ, जिथे –
दुपारी पाहणीची लाँच आत जातेय. हट्टाने नाव लावून घेतलं.

लाँचवर
सहा खलाशी आणि मी. पाणी काचेसारखं. बर्फाचा कपटाही नाही. दादाला हाका मारल्या. आधी खलाशी हळहळले. आता कोणी बघतही नाही – चहा वाटला, किटली माझ्यासमोरून तशीच पुढे –

परत बाहेर येतोय. रेडिओवर ताई. माणसं किती?
सुकाणूवाला म्हणाला, सहा.
सात! ओरडले मी. कोणी मानसुद्धा –
ताई पुन्हा मोजा म्हणाल्या. रडतायत का त्या?
तो मोजतोय. एकेकाकडे बोट दाखवत. चार. पाच. स्वतःच्या छातीवर – सहा. आता माझ्याकडे वळला, बोट माझ्यावरून