रुपरावाला घेऊन जा गे मारबत

२३ ऑगस्ट, शनिवार
तान्हा पोळा. मारबतीची मिरवणूक बघायला महाल भागात गेलो. इडापिडा घेऊन जाणाऱ्या त्या पुतळ्यामागे अख्खं शहर ओरडत होतं. महागाई घेऊन जा गे मारबत, डेंग्यू घेऊन जा गे मारबत. मीही घसा साफ करून ओरडलो, काटोलच्या रुपरावाला घेऊन जा गे मारबत! शेजारचा माणूस विचारायला लागला, हा कोणता नवीन आजार आहे गा भाऊ. म्हटलं, नवीन नाही. अठ्ठावीस वर्षं जुना आहे.

घरी येऊन ही वही काढली. माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. बायकोने, सुभद्राने, तर नाहीच.

नोंद असावी म्हणून लिहितो. १९९७. जिल्हा शालेय कुस्ती, फायनल. काटोलच्या रुपरावने मला चीत केलं. एकोणीस सेकंदांत, असं लोक म्हणतात. घड्याळ पुढे होतं. मॅटही ओली होती. पण ते एक वेळ सोडा. कुस्ती संपली की समोरच्या पोराशी हात मिळवायचा, मग त्याच्या कोपऱ्यात जाऊन खुर्चीवर बसलेल्या त्याच्या सरांशी हात मिळवायचा, ही रीत आहे. हरलेल्यानेही आणि जिंकलेल्यानेही. रुपराव माझ्याशी हात न मिळवता गेला. त्या दिवसापासून मी काटोलचं संत्रं तोंडात घातलेलं नाही.

आता तो काटोलच्या एका शाळेचा कोच आहे. मी हुडकेश्वरला पीटी टीचर. ऊपरवाल्याकडे देर आहे, अंधेर नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
हेडमिस्ट्रेस मॅडमनी भित्तिपत्रकासाठी लेख मागितला. विषय : कुस्तीतून चारित्र्य कसं घडतं. म्हटलं, मॅडम, उद्या देतो. पहिलं वाक्य डोक्यात तयारच आहे. ‘कुस्ती माणसाला क्षमा करायला शिकवते.’

संध्याकाळी सुभद्राला सुडाचा प्लॅन सांगितला : यंदाच्या जिल्हा शालेय स्पर्धेत माझ्या शाळेने रुपरावच्या शाळेला पाडायचं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, इतकी वर्षं झाली, आता काहून उकरून राहिले तुम्ही. बायकांना खेळातलं कळत नाही. (ती कॉलेजात खो-खोची कॅप्टन होती. पण खो-खो वेगळा.)

१ सप्टेंबर, सोमवार
शस्त्र सापडलं! नववी ‘ब’मधली दीक्षा. इथेच हुडकेश्वरला राहते. मान अशी घट्ट की सव्वीस जानेवारीचा झेंड्याचा खांब. मागच्या वर्षी नियमानुसार शिकवली, या वर्षी मनापासून शिकवणार. पहिला धडा आजच दिला. हरो की जिंको, आधी समोरच्या खुर्चीपाशी जायचं आणि हात मिळवायचा. तिने विचारलं, हरल्यावर पण? म्हटलं, हरल्यावर तर नक्कीच, त्यातच खरं चारित्र्य आहे. बोलताना माझाच आवाज भरून आला.

रुपरावची सगळ्यात तयारीची पोरगी भूमिका. शेहेचाळीस किलोची. तिलाच पाडायचं. बाकी कोणाला पाडून मजा नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
गुरू तंदुरुस्त पाहिजे. उद्यापासून पहाटे पाचला उठून पाच किलोमीटर धावणार. तर्री-पोहे बंद.

३ सप्टेंबर, बुधवार
उठलो. साडेसातला. धावणं उद्यापासून.

पीटी रूममधल्या वजनकाट्यावर उभा राहिलो. अठ्ठ्याऐंशी. हे शक्यच नाही. काटा बिघडलेला आहे हे अनुभवी माणसाला लगेच कळतं. मागचा स्क्रू फिरवला, पंच्याऐंशी. आता बरोबर. दोन दिवस तर्री बंद ठेवल्याचा फरक दिसतो.

६ सप्टेंबर, शनिवार
पोहे खाल्ले. तर्री घेतली नाही तर पोहेवाल्याला वाईट वाटतं.

१० सप्टेंबर, बुधवार
दीक्षाचं वजन केलं. मला वाटलं होतं एकोणपन्नास भरेल, म्हणजे भूमिकाच्या गटात बसणार नाही. शेहेचाळीसला शंभर ग्रॅम कमी! डाएटचीसुद्धा गरज नाही. नियती माझ्या बाजूने आहे.

दीक्षा म्हणाली, सर, मागच्या महिन्यात दवाखान्यात एकोणपन्नास आलतं. मी म्हटलं, दवाखान्याचा काटा पेशंटसाठी असतो, खेळाडूसाठी वेगळा. मग म्हणाली, सर, हा काटा रिकामा असला तरी शून्याच्या मागं उभा राहते. म्हटलं, नम्र काटा आहे. तूही नम्रता शिक.

१५ सप्टेंबर, सोमवार
दीक्षाची आई शामलाताई शाळेत आल्या. त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं की प्रत्येक वजनगटात फक्त पहिली पोरगी विभागीय स्पर्धेत जाते, आणि एकोणपन्नासच्या गटात आतापर्यंत एकच नाव आलं आहे. म्हणाल्या, सर, तिथंच टाका ना मग. पोरीचं लई मन आहे पुढं जायचं. रात्री झोपेतही डाव टाकून राहिली ती, धाकटीले परवा खाटेवरून पाडलं.

त्यांना शांतपणे समजावलं. सोप्या वाटेने चारित्र्य घडत नाही. आणि काटा काय म्हणतो ते त्यांच्यासमोरच दाखवलं. फॉर्मवर ४६ लिहिलं, मॅडमची सही घेतली, ऑनलाइन भरून टाकला.

मॅडमनी लेखाचं विचारलं. उद्या देतो म्हटलं.

२० सप्टेंबर, शनिवार
दीक्षा झकास तयार होते आहे. आज तिने दहावीच्या दोघींना एकामागोमाग एक उचललं. मी रुपरावचं नाव घेतलं की ती म्हणते, सर, ते कोण. मी म्हणतो, तू फक्त लढ.

लेखाचं दुसरं वाक्य सुचलं. ‘मॅटवरचं मॅटवर सोडून देतो तो खरा मल्ल.’ फार सुंदर आहे. लिहायला बसणार तेवढ्यात रुपरावचा व्हॉट्सॲपवरचा फोटो दिसला. शेतात उभा, हातात संत्री, दात दिसतात. डोकं फिरलं, लिहिणं राहिलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
स्पर्धा बारा दिवसांवर आणि दीक्षाने सुट्टी घेतली. आज दसरा, दीक्षाभूमीवर त्यांच्या वस्तीचा पाणीवाटपाचा स्टॉल असतो. मी फोनवर रागावलो. ती म्हणाली, सर, सकाळपासून वीस-वीस लिटरच्या कॅन उचलून राहिली मी, चालते ना? मग ठीक आहे. हा व्यायाम मीच सांगितला असं समजतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार
धावलो! मनीषनगरच्या चौकापर्यंत. मागे कुत्रं होतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार
उद्या.

आरशासमोर तालीम केली. भूमिका हरेल. रीतीप्रमाणे माझ्या खुर्चीपाशी येईल, हात पुढे करेल. मी हात पुढे करणार आणि ऐन वेळी वर नेऊन केसांवरून फिरवणार. रुपराव समोरून बघत असेल. एका हातात अठ्ठावीस वर्षं वसूल. पंधरा-वीसदा केलं. केस कमी असल्याने हात जरा घसरतो, पण जमेल.

सुभद्रा दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. म्हणाली, तिचा काय गुन्हा वं माय, लेकरू आहे ते. मी म्हटलं, युद्धात असं चालतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७.१०
स्पर्धेच्या हॉलवर. वजनं सुरू आहेत. रुपराव दिसला. पोट नाही. राग आला.

सकाळी ७.४०
काहीतरी गडबड आहे. इथला काटा इलेक्ट्रॉनिक आहे. दीक्षा : ४८.९. पंचांना सांगितलं की मशिन बिघडलं आहे, मागचा स्क्रू बघा. ते म्हणाले, सर, याले स्क्रू नाही. दुसऱ्या काट्यावर, ४८.९. तिसरा मागवा म्हटलं तर पंच हसले.

शेहेचाळीसमधून बाद. दुसऱ्या गटात नाव नाही. म्हणजे स्पर्धेतूनच बाद.

दीक्षा काट्यावरून उतरली आणि माझ्याकडे बघितलं. रडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी ८.०५
आयोजक म्हणाले, चूक फॉर्मची आहे म्हणून एक करता येईल. एकोणपन्नासच्या गटातल्या सगळ्या कोचनी हरकत नसल्याचं लिहून दिलं तर पोरगी तिथे लढेल. त्या गटात एकच पोरगी आहे. नूपुर. शाळा काटोल. कोच रुपराव.

नूपुर न लढताच पुढे जाणार होती. त्याने सही करायचं काही कारणच नव्हतं. मी विचारायला गेलो नाही. दीक्षा गेली. काय बोलली माहीत नाही. रुपराव कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, का गा हेमराज, पोट लई सुटलं तुह्यं. मग म्हणाला, पोरगी सकाळपासून उपाशी येऊन उभी हाय, अशीच काहून घरी जाईन ते. लढू दे ना. माह्या पोरीलेही फुकटचं नको.

टेबल रिकामं नव्हतं. म्हणाला, वाक जरा. माझ्या पाठीवर कागद ठेवून त्याने सही केली. पेनही माझाच.

अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्यांदा वाकवलं त्याने मला. आता नूपुरच. भूमिका काय, नूपुर काय, पोरगी त्याचीच आहे. सूड होणारच.

सकाळी ११.५०
स्कूटरपाशी बसून लिहितो आहे. पाणी आणायला बाहेर आलो. हॉलमधलं पाणी कोमट होतं आणि दीक्षाला थंड लागतं.

पहिल्या राउंडमध्ये ०-६. नूपुरने दोनदा पाय धरून पाडलं आणि एकदा फिरवलं. समोरच्या खुर्चीत रुपराव शांत बसलेला. टाळ्यासुद्धा नाही वाजवल्या. हा माजच आहे. आता पोरगी हरणार, रुपरावशी हात मिळवायला जाणार, तो हसणार, आणि मी खुर्चीत बसून ते बघायचं? मी बाहेर आलो. म्हणजे पाण्यासाठी आलो.

जवळ नळ दिसत नाही.

दुपारी १२.०५
आत मोठा आवाज झाला. गेलो. दीक्षाचा हात पंचांनी वर धरलेला! दुसऱ्या राउंडमध्ये चीत केलं तिने नूपुरला! सरळ खांदे टेकवले! दीक्षा विभागीयला गेली! सूड पूर्ण! काटोल संपलं!

दारातल्या गर्दीतून वाट काढत कसाबसा मॅटपाशी पोचलो, रुपरावला बघायला. त्याचा चेहरा पडलेला असायला पाहिजे होता. तो दीक्षाला संत्रं सोलून देत होता. सकाळपासून उपाशी ना ती. आणि ती खात होती. काटोलचं.

दुपारी १.००
हे लिहू की नको. वही माझीच आहे, लिहितो.

रुपराव माझ्याजवळ आला. म्हणाला, माही पोरगी तुह्या खुर्चीपाशी आलती हात मिळवाले. खुर्ची रिकामी. उभी राहिली बिचारी. मी म्हटलं, पाणी आणायला गेलतो. तो म्हणाला, सत्त्याण्णवमधीही तू असाच गेलता गा. मी तुह्या सरासोबत हात मिळवला, तुही वाट पाहिली. लोक म्हणे, पोट्टा संडासात रडून राहिला. मग म्या तिथंही जाऊन दार वाजवलं. तू आवाजच नाही देल्ला.

म्हटलं, मॅट ओली होती.

तो म्हणाला, होती ना. म्या सांगलं होतं पंचाले.

मग संत्र्यांची एक पिशवी माझ्या स्कूटरच्या हुकला अडकवली आणि आपल्या पोरींना घेऊन काटोलच्या बसकडे निघाला. नूपुर जाताना माझ्याकडे बघून थांबली. मला वाटलं हात पुढे करेल. तिने नुसता नमस्कार केला. तिचे दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले, तरी जमेल तसा केला. माझा हात पुढे आलेला तसाच राहिला.

ठरवलं होतं तसंच झालं म्हणायचं. हात मिळवला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
दार वाजलं होतं. मला वाटलं होतं, टिंगल करायला पोरं आली आहेत. हे कोणाला सांगायचं नाही. सुभद्राला सांगितलं. तिने जेवताना जास्तीची भाकर वाढली. एरवी देत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
लेख द्यायला गेलो. चार वाक्यं झाली होती. मॅडम म्हणाल्या, राहू द्या सर, तुम्ही बिझी होता म्हणून दीक्षाकडूनच लिहून घेतलं, दिवाळीच्या सुट्टीआधी लावायचं होतं. भित्तिपत्रकावर वाचलं. अक्षर खराब आहे. शेवट असा :

‘आमच्या सरांनी शिकवलं की हरलं तरी आधी समोरच्या खुर्चीपाशी जायचं, त्यातच खरं चारित्र्य आहे. नूपुर हरली तरी आमच्या खुर्चीपाशी आली. सर माझ्यासाठी पाणी आणायला गेले होते, म्हणून सरांच्या वतीने तिच्याशी मी हात मिळवला.’

दोनदा वाचलं. मागे सातवीची पोरं उभी होती, म्हणून डोळ्यांत काही गेल्यासारखं केलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
पीटी रूममध्ये कोणी नसताना स्क्रू परत फिरवला. काटा शून्यावर आला. उभा राहिलो. नव्वद.

बूट काढले. नव्वदच.

रुपरावची पिशवी काट्यावर ठेवली. तीन किलो भरली. काल ठेवली असती तर हीच पिशवी या काट्यावर शून्य दिसली असती. एक संत्रं सोललं. अंबिया बहाराचं, हंगामाच्या सुरुवातीचं, अजून हिरवट. अठ्ठावीस वर्षं हे सोडलं होतं. आंबट आहे, पण चांगलं आहे. दुसरंही खाल्लं.

दीक्षा आली. विचारलं, सर, विभागीयले तुम्हीच याल ना. मी म्हटलं, म्हणजे काय, मीच येणार. ती म्हणाली, पूर्ण वेळ ना.

हो म्हटलं. पाण्याची बाटली घरूनच भरून न्यायची.