व्हिडिओ गेमचा अर्धाच आवाज

३ नोव्हेंबर

वाजला! पण काय वाजला — नुसती घरघर. गाणं खाली कुठेतरी दबलेलं आणि वर ही घरघर. राजा लगेच म्हणाला, हे नाही चालणार ताई. जसा काही तो गिऱ्हाईक आणि मी दुकानदार.

माळ्यावरून खोकं काढलं मी, धूळ पुसली मी, भंगारात निघालेला टीव्ही शोधून आणला मी. साहेब पलंगावर बसून कान लावून होते. चित्र दिसतंय का हे विचारलंसुद्धा नाही. त्याला काय करायचंय चित्राचं! साखरेने डोळे नेले त्याला वर्ष होत आलं. दिवस आहे की रात्र, एवढंच कळतं.

५ नोव्हेंबर

काय ठरलंय ते एकदा स्वतःशीच नीट बोलते, म्हणजे चिडचिड कमी होईल.

अंधांना शिकवणारी एक संस्था आहे. लांब आहे, तिथेच राहायचं. काठी घेऊन चालणं, स्वतःचा स्वयंपाक, कॉम्प्युटर, सगळं शिकवतात. वर्ग डिसेंबरात सुरू. मी खेटे घालून जागा धरून ठेवली आहे, पण येणार की नाही हे महिनाअखेरीच्या आत कळवायचंय. राजा ऐकतच नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मग गेल्या आठवड्यात आपणहून म्हणाला, माझा व्हिडिओ गेम नीट करून दे. आवाजावर खेळता येतं का बघतो. पूर्ण आवाज लागला की जाईन.

आणि इथे कोण वाचायला येतंय, म्हणून हेही लिहिते. मला तो जायला हवाय. त्याच्या भल्यासाठी वगैरे नंतर. आधी मला माझं घर परत हवंय. त्याची बायको थोड्या दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली ती गेलीच. आई असती तर तिने त्याला पदराखाली घेतलं असतं. उरलं कोण? मी. लग्न केलं नाही म्हणजे मी मोकळी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दीड खोलीत आतला पलंग त्याचा, बाहेरची सतरंजी माझी. पाणी हातात द्या, ताट हातात द्या, मोजे हातात द्या. चाळिशीचा बाप्या!

७ नोव्हेंबर

घरघर गेली. आतला एक कपॅसिटर म्हातारा होऊन फुगला होता, तो बदलला. माझ्या हातचं काम आहे हे. लिफ्टची बोर्डं दुरुस्त करते मी. माणसं दोन मजल्यांच्या मध्ये लटकू नयेत म्हणून मला पगार मिळतो. मी कुठे लटकलेय ते कोण बघतंय.

हा गेम घरात आला तो राजासाठी आला. माझ्याकडे काय होतं, तर कॅसेट अडकली की ती काढून आत फुंकर मारायची. "ताई, फुंकर!" की मी उठायची. त्याला राजा म्हणायला आईने सुरुवात केली, पण सवय आम्ही सगळ्यांनीच लावली.

८ नोव्हेंबर

आता वायर हलली की आवाज जातो. उद्या बघू. आज अंगात त्राण नाही.

१० नोव्हेंबर

वायर जिथे खुपसतो तिथला सोल्डरचा टाका सुटला होता. पक्का केला. गाणं कसं स्वच्छ ऐकू आलं! मला वाटलं, सुटले.

तर म्हणतो, "हा अर्धाच आवाज आहे."

मी ताडकन म्हटलं, आता आणखी काय हवंय, बँड बोलावू? तो शांतपणे सांगायला लागला. वरचं गाणं येतंय, पण त्याच्या खाली जाड सूर असायचा तो नाही. शत्रू जवळ आला की टपटप व्हायचं, ते नाही. बॉम्ब फुटला की धडाम, तेही नाही. त्याच्याशिवाय मला कळणार कसं कोण कुठून येतंय? मग तोंडाने तो खालचा सूर गुणगुणून दाखवला.

बरोबर होतं त्याचं. इतकी वर्षं शेजारी बसून मी फक्त वरचंच ऐकलं होतं. तो चुकला असता तर मला बरं वाटलं असतं.

१२ नोव्हेंबर

सापडलं! आवाज तयार करणाऱ्या चिपचे आवाजासाठी दोन पाय असतात. एकातून वरचं गाणं, दुसऱ्यातून जाड सूर, टपटप आणि धडाम. पुढे दोन्ही एकत्र येतात. दुसऱ्या पायाच्या वाटेवर तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग आहे, त्याचं एक टोक जागेवरून उचललं गेलं होतं. जुन्या मालात होतं असं. टाका मारला. कॅसेट लावली. धडाम!

मी एकटीच टाळ्या वाजवत होते. राजा म्हणाला, छान झालं. उद्या खेळतो. आज डोकं दुखतंय.

१३ नोव्हेंबर

घरी आले तर पुन्हा अर्धाच. खोलून बघितलं. तेच टोक, तिथूनच सुटलेलं. माझा टाका सुटला? कारखान्यात नवीन पोरांना माझे टाके दाखवतात! पुन्हा मारला. जिव्हारी लागलं.

१४ नोव्हेंबर

पुन्हा.

१६ नोव्हेंबर

दुपारी स्वयंपाकाच्या मावशी येतात, राजाला जेवायला वाढतात. आज सुट्टी होती, म्हणून त्या येताच विचारलं, टीव्हीपाशी झाडताना तो गेमचा डबा पाडता का? नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मग रोज कसा बिघडतो? त्या काही सांगू बघत होत्या, पण माझी गाडी सुटली ती सुटलीच. भांडी आपटता, दारं आपटता, परवा बरणी फोडलीत — सगळा पाढा वाचला. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि चपला घालून निघून गेल्या. उद्यापासून येणार नाही, एवढंच बोलल्या.

राजा आत पलंगावर होता. दार उघडं होतं. हूं नाही की चूं नाही.

१८ नोव्हेंबर

पहाटे उठून पोळ्या, मग कारखाना, संध्याकाळी टाका. आता नाकी नऊ आले.

१९ नोव्हेंबर

पुन्हा सुटला. आज तर घरात कोणी नव्हतं. म्हणजे बोर्डच आतून तडकलं असेल. संस्थेतल्या बाईंचा फोन आला होता, काय ठरलं म्हणून. दोन दिवसांत सांगते म्हटलं आणि फोन ठेवून रडले. कशासाठी, तर एका खेळण्यासाठी!

२० नोव्हेंबर

भाजीच्या दुकानापाशी मावशी दिसल्या. त्या वळून जात होत्या, मीच आडवी गेले. म्हटलं, तुम्ही नसतानाही बिघडला, तेव्हा तुमचं काही नव्हतं, मी उगाच बोलले.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, रोज दुपारी तोच खोलून बसतो की! मला वाटलं, तुम्हीच शिकवलंय."

कोण, म्हटलं. कळत होतं, तरी विचारलं.

"तुमचा भाऊ. मांडीवर घेऊन बसतो. पेच वाटीत काढून ठेवतो, वाटी मीच देते. बोटांनी चाचपत जातो बरोबर. मला इतकं कौतुक वाटायचं."

त्या दिवशी बोलला का नाहीत, म्हटलं.

"तुम्ही बोलू कुठे दिलंत? आणि तो आत ऐकत होता. म्हटलं, तोच सांगेल."

भाजी न घेताच घरी आले. रस्ताभर डोकं भणभणत होतं. ज्याला पाण्याचा पेला मी हातात देते, तो माझी हत्यारांची पेटी उघडतो. त्यातून नेमका पेचकस काढतो. सगळे पेच सोडवतो, एवढ्या बोर्डावर तांदळाएवढा भाग शोधतो, टोक उचलतो, पुन्हा सगळं बंद करून पेटी जागेवर ठेवतो. आणि संध्याकाळी म्हणतो, ताई, मोजे कुठायत?

दारातूनच म्हटलं, मावशी भेटल्या होत्या.

त्याने तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाला, "पूर्ण आवाज लागला असता तर जावं लागलं असतं."

मावशींना मी वाट्टेल ते बोलले, तू ऐकत होतास?

"हो."

लाज वाटली नाही?

"वाटली. पण तुझी जास्त भीती वाटत होती. तू मला घालवायलाच एवढी राबत होतीस ना, ताई?"

नाही म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण मी इतकी दमले होते, इतकी चिडले होते, की म्हटलं, "हो. मला माझं घर परत हवंय."

त्याने मान हलवली. नंतर आम्ही जेवलो. ताट मी हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवलं. त्याने जाऊन घेतलं.

२१ नोव्हेंबर

मावशींच्या घरी जाऊन आले. सोमवारपासून येतील. माफी मागताना मान वर होत नव्हती. संस्थेला काहीच कळवलं नाही. गेमला हात लावला नाही. राजा बोलत नाही, मी बोलत नाही.

आज शर्टाची बटणं त्याने स्वतः लावली. एक खाली-वर झालं होतं. मी सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर

जिन्यातच ऐकू आलं. गाणं, खालचा जाड सूर, टपटप आणि मध्येच धडाम. पूर्ण.

आत आले तर राजा जमिनीवर बसून खेळत होता. मरत होता, पुन्हा सुरू करत होता. डब्याचं झाकण उघडंच. ते टोक त्याने तारेचा तुकडा पिळून जोडलं होतं आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. फार गबाळं काम. पण घट्ट होतं. पलंगावर बॅग, शर्ट घड्या घालून आत भरलेले.

खेळणं न थांबवता म्हणाला, "सकाळची गाडी किती वाजता असते?"

महिनाभर मला ती वेळ पाठ आहे. म्हटलं, बघून सांगते.