कोरा रकाना

सोमवार, ३ तारीख
आजपासून नोकरी! निवृत्त मास्तराला या वयात कोण विचारतो? पण या ऑफिसला शुद्ध लिहिणारा माणूस हवा होता. खिडकीजवळचं टेबल मिळालं, फिरती खुर्ची मिळाली. सगळ्यांचे सामायिक फोल्डर एका मोठ्या कॉम्प्युटरवर आणि त्यांचे शॉर्टकट यादीत. एकेकाच्या प्रॉपर्टीज उघडून पत्ता, वर्णन, शोधशब्द हे रकाने मी भरायचे. ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, आजोबा, शॉर्टकट म्हणजे नुसती पाटी, वस्तू असते दुसरीकडेच. मी म्हटलं, पाट्यांवरच तर जन्म गेला माझा! घरी हिला सांगितलं तर म्हणाली, कॉम्प्युटरला कविता पाठ करायला लावू नका म्हणजे मिळवलं.

बुधवार, ५
एकशे चार शॉर्टकट झाले. एकच उरला, त्याला ना नाव ना पत्ता. मॅडम रजेवर. कोरी जागा दिसली की मास्तराचा हात शिवशिवतो. वर्णनात लिहिलं : चौथीचा वर्ग, पुढच्या बाकावर दोन वेण्यांची मुलगी, आणि आमच्या गुरुजींनी रचलेल्या ओळी –
ओंजळभर ऊन घेऊन आली सकाळ दारी,
पाखरांनो, हजेरी द्या रे, उशीर झाला भारी.
शोधशब्द : खारूताई. ती मुलगी म्हणजे आमची हीच; दप्तरात शेंगदाणे लपवायची म्हणून मी पाडलेलं नाव. लग्नाला पन्नास वर्षं झाली, ते आम्हा दोघांतच आहे. 'कोणासाठी' या रकान्यात आधीपासूनच 'सर्वांसाठी' होतं. उद्या पुसेन सगळं.

शुक्रवार, ७
पुसायचं राहून गेलं. चहावाले काका 'ओंजळभर ऊन' गुणगुणत आले. विचारलं तर म्हणाले, शाळेत होती की आम्हाला! हसू आलं. पुढची ओळ मी म्हणायला गेलो, तर आठवेना. साठ वर्षं पाठ असलेली!

सोमवार, १०
शिपाई, टायपिस्ट, सगळेच दोन वेण्यांच्या मुलीबद्दल बोलतात. झोपाळ्यावरून पडून तिच्या कपाळाला खोक कशी पडली, तेही. हे मी लिहिलंच नव्हतं. घरी येऊन हिचं कपाळ पाहिलं. व्रण आहे. कशाचा, मला ठाऊक नाही.

मंगळवार, ११
शॉर्टकट काढून टाकला. मॅडम म्हणाल्या, पाटी काढली म्हणून घर पडत नाही, आजोबा. मी विचारलं, मग तो फोल्डर कुठे आहे? कुणालाच सापडत नाही. मोठा कॉम्प्युटर बंद करवला. तरी त्या बोलत राहिल्या – हिच्याबद्दल – माझ्यापेक्षा जास्त –
मागच्या पानावर माझ्याच अक्षरात 'खारूताई' लिहिलंय. वाचता येतं. कोण, ते कळत नाही.

बुधवार, १२
घरात एक बाई आहे. चहा पुढे ठेवून म्हणाली, आज गप्प का? मी विचारलं, आपण कोणाकडे आलात? आधी हसली. मग हसू विरलं –

बेल वाजली. दारात सगळं ऑफिस. काका, मॅडम, शिपाई – प्रत्येकाच्या ओंजळीत शेंगदाणे. एका सुरात हाक मारली, खारूताई.

ती वळली. चेहरा उजळला. चपला घालते आहे. दारातून एकदा मागे पाहिलं – मी थांबवावं म्हणून. थांबवायला हवं, एवढं कळतं. त्यांनी घेतलेलं नाव माझ्या तोंडी येत नाही. पण हाक मारू तर कोणत्या