मूळ सिनेमात ती परत येते

बाबा,

तुम्ही चक्क थापा मारल्यात. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि मी आज भांडायला बसलेय. तुमच्यावर गेलेय असं आई म्हणते, मग भोगा आता.

आई पहिल्यांदा हॉस्पिटलात होती तेव्हा मी आठ वर्षांची होते. लखनौला तुमची बँकेतली बदली होऊन जेमतेम वर्ष झालेलं, नात्यातलं कुणी जवळ नाही. तुम्ही पोळ्या लाटायचात आणि त्या करपायच्या. मी रडायला लागले की तुम्ही तो मराठी सिनेमा सांगायला घ्यायचात, लहानपणी गावच्या जत्रेत तंबूत पाहिलेला. आजारी आईला बैलगाडीतून तालुक्याला नेतात, मुलगी दारात वाट बघत बसते, शेवटी गाडी परत येते आणि आई खाली उतरून विचारते, "चहा टाकलास का ग?" हे वाक्य बोलताना तुम्ही लाटणं खाली ठेवायचात. संध्याकाळी हॉस्पिटलात तोच सिनेमा तुम्ही आईलाही सांगायचात. आई बरी होऊन आली आणि दारातच म्हणाली, "चहा टाकलास का ग?" आपण तिघं किती हसलो होतो.

पुढे मी सोळा वर्षांची झाले आणि आईचं दुखणं उलटलं. मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं. नेमके त्याच्या आदल्या आठवड्यात तुमच्या शाखेतले भैया मलिहाबादचे दशहरी आंबे घेऊन आले आणि आईसमोरच म्हणाले, "भाईसाहब, आपकी वाली पिक्चर हिंदी में बन गई! कल ही लगी है." तुमचा चेहरा असा उतरला की मला वाटलं आंबा आंबट निघाला. तुम्ही म्हणालात, रिमेक कसले बघायचे, ऊन फार आहे, तिकिटं मिळणार नाहीत. आई म्हणाली, "अहो, ऑपरेशनच्या आधी बघून टाकू. इतकी वर्षं नुसता ऐकतेय."

शनिवार, दुपारचा खेळ. आई मध्ये, आपण दोघं दोन बाजूंना. पडद्यावर बैलगाडीच्या जागी लांबलचक मोटार आहे, वाडीवस्तीच्या जागी बंगला आहे आणि आजारी आईच्या अंगावर जरीची साडी. मी कुजबुजते, "बाबा, किती फालतू केलंय!" मध्यंतरानंतर तुम्ही तीनदा घड्याळ बघता. मग एकदम उठता, "चला, चारबागचे टेम्पो भरून जातील." मी तुमचा शर्ट धरून खाली ओढते. "बसा ना बाबा! आता तर ती परत येणार!" तुम्ही बसता. आईचा हात माझ्या हातात आहे. मोटार फाटकातून आत येते, ड्रायव्हर दार उघडतो, आणि आत नुसती तिची शाल.

आईचा हात गार पडला होता. तुम्ही उभं राहून ओरडलात, "सत्यानाश कर दिया! असली में वो लौटती है!" मागून कुणीतरी म्हणालं, "अंकल, बैठिए." मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

घरी आलो. चप्पल काढता काढता आईनं विचारलं, "खरंच येते ना हो ती?" तुम्ही म्हणालात, "अगं, या डोळ्यांनी बघितलंय, तीनदा. या रिमेकवाल्यांना अक्कल नाही." मंगळवारी तिला आत नेताना ती मान वळवून मला म्हणाली, "चहा टाकून ठेव ग." तिला बाहेर आणेपर्यंत तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. मला वाटलं, शर्ट ओढला म्हणून रागावलात.

गेल्या महिन्यात तो जुना सिनेमा मला मोबाइलवर सापडला. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बघितला. बैलगाडी येते, बाबा. आत लुगड्याचं गाठोडं आहे, बाकी कुणी नाही. चहाबद्दल कुणी काही विचारत नाही. त्या रिमेकवाल्या बिचाऱ्यांनी मूळ शेवटाला बोटसुद्धा लावलं नव्हतं! आणि मी मूर्ख, इतकी वर्षं चार माणसांत सांगत आले की रिमेक कसे मुळाची वाट लावतात, आमच्या बाबांना विचारा. रिमेक तुम्ही केला होता, करपलेल्या पोळ्या बाजूला सारत. आणि त्या शनिवारी मी तुम्हाला खुर्चीत दाबून बसवलं. काय झालं असेल हो तुमचं त्या दहा मिनिटांत? मला माफ करा.

पुढच्या सोमवारी आईच्या पुन्हा तपासण्या आहेत. काल मेथी निवडताना म्हणाली, "तुझ्या त्या मोबाइलवर सगळं मिळतं म्हणे. यांचा तो सिनेमा मिळाला का ग?" मी म्हटलं, "नाही ग आई, त्याची प्रिंटच जळाली म्हणे." ती म्हणाली, "हो का?" आणि मेथी निवडत राहिली.

तेव्हा हे पत्र घरात ठेवता येणार नाही, फाडूनच टाकते. मोतीबिंदू काढल्यापासून आईला चष्म्याशिवाय सगळं वाचता येतं.