आम्ही जहाजावर परतलो नाही

प्रिय छकुले,

जहाज कंपनीचा फोन तुला येऊन गेला असेल, आणि तू नक्कीच त्या बिचाऱ्या माणसाची उलटतपासणी घेतली असशील. आम्ही दोघी सुखरूप आहोत. तुझी वहिनी शेजारच्या खाटेवर झोपली आहे आणि मी खिडकीपाशी बसून लिहिते आहे. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य म्हणते आणि तू त्यावर तीन हरकती घेतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हे. रागावली असलीस तरी बसून वाच.

निघताना तू म्हणाली होतीस, "दादाला जाऊन वर्षही झालं नाही आणि तुम्ही दोघी समुद्रावर हवा खायला निघालात!" तुझ्या वहिनीनेही ते ऐकलं. ती माझी बॅग भरत होती, तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा घड्या घालू लागले. आपल्याकडे थंडी सुरू झाली होती, जहाज दक्षिणेच्या उबदार बंदरांकडे जाणार होतं, आणि डॉक्टरांनी तिला हवापालट सांगितला होता एवढं खरं. पण मी तिला हवा खायला नेलं नव्हतं. मला तिला त्या घरातून बाहेर काढायचं होतं. ती स्वयंपाकघरात उभी राहायची तेव्हा गॅसवरचं दूध उतू जायचं आणि ती बघत राहायची. नर्स बाई ती, वॉर्डातल्या वीस पेशंटांच्या वेळा जिच्या तोंडपाठ, ती दुधाकडे बघत उभी! कामावर परत जायचं नाव काढलं की म्हणायची, "नको आई, माझ्या हातात आता काही राहिलं नाही."

जहाज मात्र स्वर्ग होतं, खोटं कशाला बोलू. आमच्या खोलीला छोटी बाल्कनी होती, रोज सकाळी पांढरेशुभ्र टॉवेल यायचे, वरच्या डेकवर म्हातारी जोडपी आरामखुर्च्यांत पाय पसरून उन्हात शेकत पडायची. थंडी मागे पडत गेली तसे लोकांच्या अंगावरचे कोट उतरले, मग स्वेटर उतरले. सगळे हसत होते. मी तेवढी हसत नव्हते, कारण माझी एक नजर सतत तुझ्या वहिनीवर होती. ती कठड्यापाशी उभी राहायची. बाकीचे लोक दूरवर बघतात, ही सरळ खाली बघायची, जिथे जहाजाच्या पोटाला घासून पाणी फेसाळत जातं तिथे. एकदा तिने डेक पुसणाऱ्या माणसाला विचारलं, इथे पाणी किती खोल असेल? तो हसून म्हणाला, बाई, बुडायला पुरेसं. तीही हसली. मी मात्र तिचा हात धरून तिला आत नेलं.

दुसऱ्या बंदरानंतरची गोष्ट. दुपारी माझा डोळा लागला होता. जाग आली तर अंगावर वारा येत होता, बाल्कनीचं दार सताड उघडं आणि तिची खाट रिकामी. मी अनवाणी धावले. ती बाहेर खुर्चीत बसली होती, मांडीवर हात ठेवून. मला बघून म्हणाली, "घाबरलात? मी आहे इथेच." मग थोड्या वेळाने अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, माझ्या झोपेच्या गोळ्या तुम्ही काढून घेतल्यात ना? असू द्यात तुमच्याकडेच." दोघींनाही सगळं कळलं होतं. संध्याकाळी जेवायला गेलो, तिने मला मासा काटे काढून दिला.

तिसऱ्या बंदरावर जहाज फक्त दुपारपुरतं थांबणार होतं. ऊन लख्ख होतं, धक्क्यालगत पांढऱ्या भिंतींची घरं, दोऱ्यांवर वाळणारे कपडे, खाली लहान लहान दुकानं. तिने आपण होऊन म्हटलं, चला आई, जरा पाय मोकळे करू. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एका कॉफीच्या दुकानाबाहेर सावलीत बसलो. कॉफी संपवली आणि ती उठली. "तुम्ही इथेच बसा, मी जरा त्या समुद्रातल्या दगडी बंधाऱ्यापर्यंत जाऊन येते." पर्स तिने माझ्या मांडीवर ठेवली. ती वळणाआड गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पर्स ठेवताना तिने माझ्या हातावर आपला हात क्षणभर दाबून ठेवला होता. मी पर्स उघडली. फोन, पासपोर्ट, जहाजावर चढायचं कार्ड, सगळं आत होतं. परत येणारं माणूस कार्ड सोडून जात नाही.

छकुले, या गुडघ्यांनी मी कशी धावले ते मला विचारू नकोस. बंधाऱ्याच्या टोकापर्यंत गेले. तिथे गळ टाकून बसलेले दोन म्हातारे होते, त्यांना खुणांनी विचारलं, त्यांनी माना हलवल्या. मी पाण्यात बघितलं. दगडांवर आपटणाऱ्या प्रत्येक लाटेत बघितलं. तेवढ्यात जहाजाचा भोंगा झाला. परत धक्क्यावर आले तर शिडीपाशी उभा असलेला अधिकारी हातातल्या यंत्रावर कोणाशी तरी बोलत होता. मला म्हणाला, तुम्ही आत या, दुसऱ्या बाईंसाठी आम्हाला थांबता येणार नाही, पोलिसांना कळवतो. नम्रपणेच बोलला तो. आमच्या बॅगा वर, माझी रक्तदाबाची औषधं वर, आणि मला तिथली भाषा येत नाही. मी म्हटलं, तुम्ही जा. माझी मुलगी इथे आहे. शिडी उचलली गेली, मी वळूनही बघितलं नाही.

बंधाऱ्याच्या अलीकडे एक गल्ली आत जाते. तिथे गर्दी दिसली. माणसं अर्धं वर्तुळ करून गप्प उभी होती. लोकांना ढकलून पुढे झाले, आणि बघितलं तर न्हाव्याच्या दुकानासमोर तुझी वहिनी जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. समोर पांढरा डगला घातलेला जाडा न्हावी उताणा पडलेला, आणि ही दोन्ही तळव्यांनी त्याच्या छातीवर दाब देत होती. केस सुटलेले, घामाने अंग निथळत होतं, तोंडाने मोजणं चालू होतं, आपल्या भाषेत. एक तरुण पुढे होऊन तिला बाजूला घ्यायला गेला तर तिने मानही वर न करता त्याला असं काही दटावलं, की भाषा न कळताही तो मागे सरकला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तिने हात उचलले नाहीत.

तो वाचला नाही.

अॅम्ब्युलन्सबरोबर आलेल्या डॉक्टरने मान हलवली तेव्हा मी न्हाव्याकडे नाही, हिच्याकडे बघत होते. मनात म्हटलं, झालं, आता ही माझ्या हातून गेली. पुन्हा तेच. पुन्हा हिच्या डोळ्यांसमोर एक माणूस गेला. तेवढ्यात न्हाव्याची बायको तिच्यापाशी येऊन बसली. तिने हिचे दोन्ही हात उचलले आणि आपल्या गालांना लावले. रडत काहीतरी बोलत राहिली. गर्दीतल्या एका शाळामास्तरणीला थोडं इंग्रजी येत होतं, तिने सांगितलं, "ती म्हणतेय, तुम्ही त्याला शेवटपर्यंत सोडलं नाहीत. माझा माणूस एकटा गेला नाही." आणि तुझी वहिनी रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. हंबरडा म्हणतात तो मी त्या दिवशी ऐकला.

न्हाव्याच्या बायकोनेच आम्हाला दुकानाच्या वरची खोली दिली आहे. स्वतःच्या घरात दुःख असताना तिने आमच्यासाठी चादरी बदलल्या. त्या रात्री इथे तुझी वहिनी मला म्हणाली, "आई, मी पाण्याकडेच चालले होते. ही बाई ओरडत दुकानातून बाहेर आली नसती तर..." मग तिने त्या सकाळबद्दल सांगितलं, जिच्याबद्दल आपण दोघींनी तिला कधी विचारलंच नाही. दादा बाथरूमच्या दारात कोसळला, तेव्हापासून अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तिने एकटीने त्याचं काळीज चालू ठेवायचा प्रयत्न केला. तिची मनगटं सुजली होती. त्याच मनगटांनी तिने तुला दार उघडलं, आणि तू उंबऱ्यातच म्हणालीस, "नर्स असून स्वतःच्या नवऱ्याला वाचवता आलं नाही तुला?" डॉक्टरांनी तुला नंतर स्वच्छ सांगितलं होतं की हॉस्पिटलच्या दारात कोसळला असता तरी तो हाती लागला नसता. ते तू ऐकलंस, मान डोलावलीस, पण तिच्यापर्यंत जाऊन ते वाक्य काही परत घेतलं नाहीस. तुझा भाऊ गेला होता, मला मान्य आहे. माझाही मुलगा गेला होता.

आता हे पत्र का, ते सांगते. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या जहाजाने आम्ही परत येऊ. यायला ती तयार नव्हती. म्हणाली, "तुम्ही जा आई, मी इथे काहीतरी काम बघेन, त्या घरात ताईंच्या नजरेला नजर देणं मला जमणार नाही." मी तिला शब्द दिला आहे, की ती जिथे राहील तिथे मी राहीन. ही धमकी समजू नकोस, या वयात मला धमक्या देता येत नाहीत. त्या शब्दावरच ती आपल्या धक्क्यापर्यंत यायला कबूल झाली आहे. फक्त तू आपल्या धक्क्यावर ये, एवढंच मागते. वकिलीण म्हणून येऊ नकोस, बाजू मांडू नकोस, माफीचं भाषणही तयार करू नकोस. समोर ये आणि तिला 'वहिनी' म्हणून हाक मार. दादा गेल्यापासून तू तिला एकदाही त्या नावाने बोलावलेलं नाहीस. मी मोजत नव्हते गं, पण ती रोज वाट बघत होती.

तुझीच, आणि तिचीही,
आई