कावळ्याच्या वाटेनं

प्रिय पल्लवी,

हे पत्र बाबांच्या सांगण्यावरून लिहून राहिलो, असंच समजून वाच. तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून कागद घ्यावा लागला. सौंसरला तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतो. तिथं रोज कोणाची ना कोणाची टॅक्सची विचारणा येतच असते, त्यात ही एक. घरी टाकलं असतं तर तुझ्या बाबांनी उघडलं असतं, आणि मला पुन्हा भांडायला यावं लागलं असतं.

बाबा बरे आहेत. सकाळी उठून पुलापर्यंत जातात, नदीपलीकडे पाहतात आणि परत येतात. बगीच्यात आता संत्र्याचं एक झाड उरलं नाही. मुरूम टाकून प्लॉट पाडले. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा आम्ही पोरांनी चौकात फटाके फोडले होते. त्या फटाक्यांनी आपलाच बगीचा उडणार, हे कोणाला ठाऊक होतं. झाडं म्हातारी झाली होती, भाव डोळे दिपवणारा आला, बाबांनी विकून टाकला.

आमची तेव्हाची चूक तुला आठवत असेल. बाबा म्हणत, "शेतीच्या पैशाले कुठचा आला टॅक्स?" मीही शहाणा, मोटारसायकलच्या काट्यावर नगरपालिकेच्या हद्दीपासून पुलाला वळसा घालून बगीच्यापर्यंतचं अंतर मोजून आलो. नियमापेक्षा दूर भरलं, म्हणजे गावखेड्यातली जमीन, म्हणजे टॅक्स नाही. तू नकाशा उघडून एक बोट हद्दीवर ठेवलंस, एक बगीच्यावर. म्हणालीस, "काकाजी, सरकार पुलावरून जात नाही. कावळा उडते तसं मोजते." नदीवरून सरळ मोजल्यावर बगीचा शहराच्या कुशीतच निघाला. बाबा म्हणाले, "बापा, कावळ्यानं बुडवलं." तू इतकी हसलीस की बशीतला चहा ओढणीवर सांडला. माझं जे काय व्हायचं ते त्या सांडलेल्या चहातच झालं.

मग तू बाबांना एकेक वाट समजावून सांगितलीस. सरकारी बाँड घ्या, पण पाच वर्षं हात लावायचा नाही. नाहीतर तीन वर्षांत घर बांधा, आणि तोवर पैसा बँकेत त्याच कामाच्या वेगळ्या खात्यात ठेवा. वरचे थोडे राहतील ते फंडात टाका, काढेपर्यंत त्यांच्या वाढीवर टॅक्स नाही. बाबांनी विचारलं, "म्हणजे टॅक्स माफ?" तू म्हणालीस, माफ काही नसते काकाजी, आधी पुढे ढकलायचं असते, आणि शब्द पाळला तर मग सुटका. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं आणि मिशीत हसून म्हणाले, "सरकारच म्हणते पोराचं घर बांध, तर बांधू." तू मान खाली घातलीस. त्या दिवशी तू बोलली असतीस की कुणाल, असं नको, तर मी आज बाँडवाला माणूस असतो.

तू बोलली नाहीस. उलट मिस्त्री भिवाजीला घरासाठी ठेवलेल्या प्लॉटवर नेऊन काडीनं मातीत स्वयंपाकघर काढून दाखवलंस. खिडकी रस्त्याकडे नको, मागच्या लिंबाकडे पाहिजे. भिवाजी अजून म्हणतो, बाईचं डोकं इंजिनियरचं आहे.

तुझ्या घरी मागणी घालायला आलो तेव्हा तुझ्या बाबांनी, दादाराव काकांनी विचारलेलं मला अजून झोंबते. "पोरगं करते काय? कॉलेज तर अर्ध्यात सोडलं." का सोडलं हे तू सांगायचं होतंस. तुझ्याविषयी वाकडं बोलणाऱ्याची कॉलर मी सगळ्या वर्गासमोर धरली, आणि त्याची माफी मागायची नाही म्हणून पुन्हा त्या फाटकातून आत गेलो नाही. त्याचा पस्तावा मला आजही नाही. पण तू आतल्या दारात उभी राहून चूप होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, थोडं थांब, आपण पुढे ढकलू. मी गरम डोक्याचा माणूस, तरी थांबलो. मला वाटलं, तुमच्या धंद्यात पुढे ढकलणं म्हणजे वाचवणं.

जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो, तिथं अर्चना भेटली. तुझी मैत्रीण ती, तिला वाटलं मला माहीतच असेल. साखरपुड्याला तुला अंजिरी रंग किती शोभला, हे सांगत राहिली. मुलगा मुलताईला बँकेत आहे म्हणे. मी म्हटलं, हो, माहीत आहे. प्रसादाचा नारळ हातात होता, तो तसाच धरून गाडी चालवत घरी आलो. सौंसर-पांढुर्णा रस्ता किती लांब आहे ते त्या दिवशी कळलं. पुलावरूनही लांब आणि कावळ्याच्या वाटेनंही लांब.

बाबांना यातलं काही माहीत नाही. आता खरं काम सांगतो. तीन वर्षांतली बरीच मुदत निघून गेली. आता काम सुरू झालं नाही तर घर मुदतीत उभं राहत नाही. भिवाजी उद्या पाया आखायला चुना टाकायला येतो म्हणतो. आज त्यानं अंगणात येऊन विचारलं, "खिडकी लिंबाकडेच ना, बाईनं सांगितली तशी?" बाबा माझ्या आधी बोलले, "तिलेच इचार ना बे, कागद लिही, तिचं घर आहे." भिवाजीला मी दिवाळीपर्यंत थांबवतो. तोवर बांध म्हणालीस तर बांधीन, खिडकी लिंबाकडे ठेवून. आणि नाही म्हणायचं असेल तर लिहायचे कष्ट घेऊ नको. नियम तूच शिकवला होतास. घर झालं नाही, मुदत संपली, की ढकललेला सगळा टॅक्स त्या वर्षी आपोआप उभा राहतो. कोणाला काही बोलावं लागत नाही. मी भरीन. बाबांनाही मीच सांगीन.

मुदत संपेपर्यंत तुझाच,
कुणाल